डाव्या कानातली भाकरी

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, वळून बघितलं की गायब... बंद खोलीतून येणारा पैंजणांचा आवाज... चहा पिता पिता मी हे मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि माझी बायको वैशाली कणीक मळता मळता म्हणायची, "हसा. तुमच्यावर वेळ आली की कळेल." मी म्हणायचो, माझ्यावर वेळ आलीच तर आधी पैंजण तपासायला घेईन. भूत, भानामती, बाहेरचं — यातलं काही म्हणजे काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. पण आज लिहायला मीच बसलोय, आणि वैशाली खांद्यामागून वाचतेय.

माझं कामच असं आहे की आवाज आला म्हणजे त्याला कारण असतंच. वाळूजच्या एमआयडीसीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे मशीन आहे, कॉम्प्युटरवर आलेख येतो, सगळं आहे. पण आलेख चांगला असून गिअरबॉक्स कुरकुरत असला की पोरं मला बोलावतात. मी लोखंडी सळईचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवतो, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटतो आणि सांगतो — बेअरिंग गेलंय, दात घासतोय, किंवा नुसता बोल्ट सैल आहे. बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यामुळे कंपनीत माझ्या कानाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

तर हा मानाचा कान गेल्या वर्षी कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला. डावा. पडद्याला बारीकसं छिद्र निघालं. मी मूळचा पिशोर गावचा. लहानपणी शेतातल्या विहिरीत उड्या मारून कान फोडून घेतलेला, तो आपोआप बरा झाला असं घरचे समजत होते. जालना रोडवरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठा गमत्या माणूस, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतात. म्हणाले, "दत्ताभाऊ, छोटा काम है. तुमच्याच कानाच्या पाळीतली चिमूटभर चरबी काढायची आणि छिद्राला बूच म्हणून बसवायची. सकाळी या, दुपारी घरी जेवायला जा." खरंच तसंच झालं. भूल दिली ती पण तेवढ्यापुरती. मी आत त्यांच्याशी गिअरबॉक्सच्या गप्पा मारत होतो.

कापूस निघाला, टाका सुकला, ऐकू छान यायला लागलं. पुढच्या तपासणीत पास झालो. आणि मग एका सकाळी, दाढी करताना, डाव्या कानात आवाज सुरू झाला.

थप्. थप्. थप्. थप्... जरा थांबून पुन्हा थप् थप्.

दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. आवाज अगदी साधा, घरगुती. मला वाटलं वरच्या मजल्यावर कोणी भाकऱ्या थापतंय. आमच्या पुंडलिकनगरात घरं एकमेकांना चिकटून, कुणाच्या फोडणीनं कोण शिंकेल सांगता येत नाही, त्यामुळे नवल वाटलं नाही. थोड्या वेळानं थांबला. दुसऱ्या दिवशी परत. असं रोज सुरू झाल्यावर मी वैशालीला म्हटलं, "वरच्या वहिनी एवढ्या भाकऱ्या करतात तरी कुणासाठी?" ती म्हणाली, "कसल्या भाकऱ्या? मला नाही काही ऐकू येत."

मला राहवेना. गेलो वर. बेल वाजवून म्हटलं, "वहिनी, राग मानू नका, पण भाकरीची परात जरा टॉवेलवर ठेवून थापली तर बरं होईल, खाली फार घुमतंय." वहिनी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला भाकरी येत नाही. आमच्यात कुणालाच येत नाही. आम्ही पोळीवाले." त्यांच्या मागे गॅसवर पोहे होते. वैशालीनं तो सगळा दिवस माझ्याशी अबोला धरला. वहिनींना मात्र बरंच झालं, त्यांनी अख्ख्या बिल्डिंगीत सांगितलं.

मग मी माझ्या पद्धतीनं लागलो. कानात बोट घातलं — आवाज तसाच. कंपनीतले कानावरचे मफ लावले — तसाच. म्हणजे बाहेरून येत नाही. नाडीवर बोट ठेवून ताल जुळतो का पाहिलं. नाही जुळला. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही आधी नाडीच धरली. मग कानात दुर्बीण घातली, तपासण्या केल्या, डोक्याचा एमआरआय करून घेतला. सगळे रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "दत्ताभाऊ, रिपोर्ट तो एकदम साफ है. टिनिटस म्हणतात याला. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला समुद्र."

मी म्हटलं, "आणि भाकरी?"

"भाकरी पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. "मेरे को भी भूक लगी." मग जरा गंभीर होऊन त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागायला लागली. आवाज काही गेला नाही.

पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी, प्राजू, फोनवर म्हणाली, "बाबा, स्ट्रेस असेल. सुट्टी घ्या." वैशालीनं एक लिंबू उतरवून टाकलं, माझ्या नकळत, पण मला दिसलं. मी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. माझं लक्ष आवाजात होतं. कारण एवढे दिवस ऐकून ऐकून एक गोष्ट ध्यानात आली होती — हा नुसता भाकरीचा आवाज नव्हता. एका ठरावीक हाताचा होता.

ज्यांच्या घरी चुलीवर भाकऱ्या होत होत्या त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बाईची थाप तिच्या चालीसारखी असते. आमच्या गल्लीत सकाळी डोळे मिटून पडलं तरी कुणाच्या घरी स्वयंपाक चाललाय ते कळायचं. कुणी एकसुरी थापते, कुणी भराभर थापून मध्येच दम घेते. आणि माझ्या कानातली बाई काय करायची — सुरुवात सावकाश, पीठ पसरेल तशी थाप हलकी आणि जलद, आणि भाकरी तव्यावर टाकल्यावर तळहातानं काठवटीच्या काठावर दोनदा ठोकायची, पीठ झाडायला. ठक्, ठक्. लाकडी काठवटीचा भरीव आवाज.

एका सकाळी बूट घालताना ते 'ठक् ठक्' ऐकलं आणि मी एक बूट हातात धरून तसाच बसलो. तो माझ्या मायचा हात होता. माझी माय पिशोरला एकटी राहते.

अंगावर काटा आला म्हणावं तर तसं नव्हतं. उलट लहानपणी गोधडीतून हे ऐकताना वाटायचं तसं वाटलं. पण माझ्यातला क्वालिटीवाला गप्प बसेना. कानात थापणं चालू असतानाच मी मायला फोन लावला. पलीकडे रिंग गेली. आणि कानातला आवाज मध्येच थांबला. थाप अर्धवट सोडून.

"हालू? कोन?" मायचा आवाज आला. "थांब जरा, हाताला पीठ हाय."

मी तब्येत विचारली. "बरी हाय, मला काय धाड भरलीय," म्हणाली. ती नेहमी हेच म्हणते. फोन ठेवला. थोड्या वेळानं कानात — थप्, थप्, थप्.

वैशालीला सांगितलं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, मी फोन लावते, तुम्ही फक्त सांगा कधी थांबलं. तिनं दुसऱ्या खोलीतून, मला न कळवता फोन लावला. मी इकडून ओरडलो, "थांबलं." ती फोन हातात घेऊन दारात आली. फोनवर माय "हालू, हालू" करत होती आणि वैशाली माझ्या कानाकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "आत्याबाई, काही नाही, सहज केला."

तेव्हापासून माझी सकाळ बदलली. तुम्हाला गंमत वाटेल, पण मी मजेत राहायला लागलो. मायची मला फार काळजी असायची. वडील गेल्यापासून ती एकटी. इथं ये म्हटलं तर येत नाही, फोनवर खरं सांगत नाही. ताप असला तरी 'बरी हाय', पाय मुरगळला तरी 'बरी हाय'. आता मला फोनची गरजच नव्हती. सकाळी थापणं ऐकलं की समजायचं, उठली, चूल पेटली, हातात जोर आहे. मग मी निवांत कंपनीच्या बसला जायचो.

आणि मग एके दिवशी आवाज आलाच नाही.

दाढी झाली, अंघोळ झाली, नाश्ता झाला. कान चिडीचूप. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. कंपनीत येत नाही म्हणून कळवलं आणि गाडी काढली. वैशाली दारातून काहीतरी सांगत होती, मी ऐकून घेतलं नाही. हर्सूलच्या तळ्याजवळून गाडी नेताना देवाचं नाव घेतलं. कधी घेत नाही, त्या दिवशी घेतलं. मनात नको ते सगळं येऊन गेलं — चुलीपाशी पडली असेल, कुणाला कळलंही नसेल.

पिशोरला पोचलो तर माय ओट्यावर बसून शेजारच्या शेवंताकाकूबरोबर भगर खात होती. शेंगदाण्याची आमटी, वर साजूक तूप. मला बघून तिचा घास हातात राहिला. "अरं दत्ता? कामून आलास असा? कोनाला काही झालं का?"

"तू भाकरी का नाही केलीस?" मी दारातूनच विचारलं.

माय आणि शेवंताकाकू एकमेकींकडे बघायला लागल्या. "आरं बाबा, आज आषाढी एकादस हाय," माय म्हणाली. "आषाढीला कोनी भाकर करतं व्हय? आन् फोन घरात ऱ्हायला, आमी देवळात भजनाला गेलतो."

मला दरदरून घाम फुटला होता तो आता लाजेनं फुटला. कारण त्या सकाळी मी स्वतः नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. वैशालीनं उपासाची केलेली. दोनदा मागून घेतली होती, वर लिंबू पिळून. आणि तरीही डोक्यात उजेड पडला नव्हता. वैशाली दारातून तेच ओरडून सांगत होती.

शेवंताकाकू गेल्यावर मी मायला सगळं सांगितलं. कान, पाळी, चरबी, एमआरआय, थाप, ठक् ठक्. मला वाटलं घाबरेल, देवऋष्याकडे चल म्हणेल. तिनं शांतपणे ताटलीतली भगर संपवली, हात धुतला आणि माझी डावी पाळी बोटांत धरून बघितली.

"दुखतं का?"

"नाय."

"मंग ऐकत जा की." पाळी तशीच धरून म्हणाली, "ही पाळी म्याच टोचून आनली व्हती सोनाराकडनं. तू रडून गल्ली गोळा केलती. कोनाकडं गप होईना. मंग तुला मांडीवर आडवा घेतला आन् तशाच भाकरी थापल्या. तव्हा कुठं झोपला. डावीच बाजू व्हती खाली, काठवटीकडं."

याला मी कारण म्हणत नाही. कुठल्याही रिपोर्टात हे चालणार नाही. पण डॉक्टरांकडे याहून बरं काही होतं असंही नाही.

पहाटे गारवा पडायला लागला तसा थापेत फरक पडला. एक थाप जड, एक हलकी. जड, हलकी. गिअरच्या एका दाताला टवका गेला की तो असाच लंगडतो, फेरीत एकदा ठेचकाळतो. मी फोन लावला. "बरी हाय, मला काय धाड भरलीय." दुसऱ्या दिवशीही तेच लंगडणं, आणि शेवटचं ठक् ठक् तर नाहीच. या वेळी वैशालीनं स्वतःच पंचांग बघितलं. एकादशी नव्हती. म्हणाली, "जा तुम्ही."

माय गोठ्यापाशी घसरली होती. डावं मनगट सुजून टम्म, त्यावर हळद-चुना आणि जुन्या लुगड्याची चिंधी. एका हातानं, दुसऱ्याच्या नुसत्या आधारानं, ती भाकऱ्या थापत होती. "तुला कोनी सांगितलं?" म्हणून तिनं शेवंताकाकूच्या घराकडे रागानं पाहिलं. मी कानाला हात लावून दाखवला. एक्स-रे काढला तर हाडाला चीर होती. हाडांचे डॉक्टर म्हणाले, असंच वापरत राहिल्या असत्या तर हात वाकडा बसला असता.

प्लॅस्टर घालून मी तिला पुंडलिकनगरला आणली. आता ती माझ्या घरात होती, डोळ्यांसमोर होती, आणि कान एकदम शांत झाला. कानाचे डॉक्टर खूश झाले. "बोला था ना, अपने आप जाएगा." मी हो म्हटलं. पण सकाळी दाढी करताना चुकल्यासारखं व्हायचं.

मायला इथं करमेना. दार बंद, शेजारी बंद, टीव्ही चालू. वैशाली तिला बाल्कनीत ऊन आलं की खुर्ची टाकून द्यायची, तर माय खालच्या भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस करत बसायची, घ्यायचं काही नसताना. दिवाळीला प्राजू आली. पोरीनं पुण्यात डबा लावलेला, स्वतः मॅगीपलीकडे काही करत नाही. माय तिला म्हणाली, "पोरी, माझा एक हात बांधलाय. तुझे दोन घे आन् मला भाकर करून घाल." झालं, त्या दोघींची शाळा सुरू झाली. माय स्टुलावर बसून सांगायची, "पानी कढत घे. लई मळ, कटाळा नको करू. काठ फाटला तर बोटानं सांध." प्राजूच्या भाकऱ्या कधी चौकोनी, कधी तव्यावर टाकताना दोन तुकडे. माय ते तुकडे दुधात कुस्करून खायची आणि म्हणायची, "गोड झालीया." प्राजू सुट्टी संपवून गेली, जाताना पिशवीत ज्वारीचं पीठ घेऊन गेली. मला वाटलं, ते पीठ पुण्यात किड्यांना जाणार.

प्लॅस्टर निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मायनं पिशवी भरली.

मी नाही म्हटलं. सरळ नाही. हात नुकताच मोकळा झालाय, परत घसरलीस तर? तर ती म्हणाली, "तुला हितं बसून ऐकू येतंच की. मंग मला कामून बांधून घालतो?"

इथं माझी खरी पंचाईत झाली. कॅलिब्रेशन नसलेल्या मीटरवर मी आजवर एकही गिअरबॉक्स पास केलेला नाही. आणि इथं आईला एकटं सोडायचं, ते कशाच्या भरवशावर? जो आवाज का येतो माहीत नाही, आणि आता तर येतच नाही, त्याच्या? वैशालीनंही तेच विचारलं. "परत आलाच नाही तर? मग तुम्हाला कसं कळणार?" मी मायला म्हटलं, कान बरा झालाय बहुतेक, आता मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा राहा इथंच.

माय पिशवीची गाठ मारत म्हणाली, "नाय आलं तर नाय आलं. म्या तिथं ऱ्हाते ती माझ्या जिवाला बरं वाटतं म्हनून. तुझ्या कानाला बरं वाटावं म्हनून नाय."

मी तिला पिशोरला सोडून आलो. गोठ्यापाशी खरखरीत फरशी बसवून घेतली, शेवंताकाकूला रोज सकाळी डोकावून जायला सांगितलं, फोन मायच्या गळ्यात दोरी बांधून अडकवला. परतताना गाडीत रडू आलं, ते रस्त्यावरच्या धुळीवर ढकललं. शेजारी वैशाली होती, तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान लावून बसलो. काही नाही. शेवंताकाकूचा फोन आला, माय ठीक आहे, डबा त्यांनीच दिलाय. तिसऱ्या दिवशीही काही नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं. बूच नीट बसलं. डॉक्टर बरोबर होते. ज्याची तक्रार घेऊन दवाखाने पालथे घातले ते गेल्याचं वाईट वाटत होतं, आणि हे सांगणार कुणाला.

त्यानंतरचा दिवस रविवार होता. मी चहा घेऊन बसलो होतो. आणि डाव्या कानात आवाज आला.

थप्... थप् थप्... मग काहीच नाही. मग एकदम जोरात थप्. पुन्हा शांत. पुन्हा पहिल्यापासून.

हे भाकरी थापणं नव्हतं, चाचपडणं होतं. जोर नाही, ताल नाही, मध्ये मध्ये लांब थांबे. मला दुसरं काही सुचेचना — मायचा हात गेला. हाड पुन्हा उललं, किंवा त्याहून वाईट, तिला काहीतरी झटका आलाय आणि ती तशीच धडपडतेय. मी सोडून आलो. मी. मायला फोन लावला.

रिंग गेली तरी कानातला आवाज थांबला नाही.

"हालू? दत्ता? एवढ्या सकाळी?"

"माय, हाताला काय झालं? भाकरी थापू नको, ठेव ते."

"कशाची भाकर? म्या अजून चूल बी पेटवली नाय. तुळशीला पानी घालतीया." आणि मागं खरंच पाण्याचा आवाज होता, आणि शेवंताकाकूचा कोंबडा.

उजव्या कानाला फोन, त्यात माय बोलतेय. डाव्या कानात थापणं चालूच. थप्... थप्... आणि मग शेवटी, दोनदा — टण्ण, टण्ण. लाकूड नव्हे. स्टील. एवढी वर्षं आवाजावर पगार घेतोय आणि काठवट की परात हे मी घाबरून ऐकलंच नव्हतं.

मी मायला म्हटलं, "नंतर करतो." आणि प्राजूला फोन लावला. रिंग जाताच कानातला आवाज थांबला.

"बाबा, थांबा हं," पुण्यातून आवाज आला, "हाताला पीठ आहे."

प्राजू विचारत राहिली, "बाबा? आहात ना? अहो, मैत्रिणींना आजीची भाकरी खायला घालते म्हटलं होतं, नुसती फाटतेय. आईला विचारा ना पाणी किती घालायचं." वैशालीनं माझ्या हातातून फोन घेतला. माझ्याकडे बघूनच तिला कळलं, आणि तीही डोळे पुसत पाण्याचं माप सांगायला लागली. ते चालू असतानाच डाव्या कानात दुसरा आवाज सुरू झाला. आधी सावकाश, मग हलका आणि जलद, आणि शेवटी भरीव — ठक्, ठक्. पिशोरला चूल पेटली होती. माझ्या जिवात जीव आला.

याला आता बरेच महिने झाले. डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "पुन्हा उघडून बूच बदलून बघता येईल. पर तकलीफ क्या है?" म्हटलं, तकलीफ काही नाही. "तो फिर रहने दो," म्हणाले. मग दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं, त्यांची अम्मी बीडला असते, तिच्यासाठी असं काही करता येईल का. ते चेष्टा करत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

कारण मला अजून सापडलेलं नाही. पाळीतली चरबी पडद्याला लावली म्हणून पिशोर आणि पुणे का ऐकू यावं, आणि फक्त भाकरीच का, वरणाची फोडणी का नाही, मला माहीत नाही. इथल्या कुणा वाचकाला माहीत असेल तर जरूर लिहा. मात्र उपाय कळवू नका.

आज पण रविवारच आहे. पिशोरचं केव्हाच उरकलं. पुण्याचं अजून चालू आहे. वैशाली मागून विचारतेय, "ऐका ना, आज कशी होतेय तिची?" मी सांगितलं, काठ अजून फाटतोय, पण हात बसायला लागलाय.